ग्रीसच्या छोट्या बेटांवर बोटीनं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीसला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत सँटोरिनी आणि मिकोनॉस ही दोन नावं पक्की असतात. तिथे जरूर जा. पण ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटं दोनशेहून जास्त आहेत. त्यांतल्या कित्येक बेटांवर विमानतळ नाही, मोठी क्रूझ येत नाही. दिवसाला एखाद-दुसरी बोट येते आणि सगळं गाव तिच्या वेळेवर चालतं. नॅक्सोस आणि अमोर्गोसच्या आसपासची इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसिया आणि दोनुसा ही बेटं मला फार प्रिय आहेत. ग्रीक बेटांचा खरा स्वभाव तिथे कळतो असं माझं मत आहे. म्हणून या लेखातली उदाहरणं मुख्यतः तिथलीच आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छोट्या बेटांचा प्रवास बोटीच्या मार्गावरून आखायचा, आवडत्या नावांच्या यादीवरून नाही. आणि त्या आखणीत निदान एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा सोडायचा.

आधी मार्ग, मग बेटं

नकाशावर दोन बेटं शेजारी दिसली म्हणून त्यांच्यात थेट बोट असेलच असं नाही. ग्रीसची बेटं गटागटांत विभागलेली आहेत. अथेन्सच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला सायक्लेडिस, तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत रोड्स-कोस वगैरे डोडेकानीज, पश्चिमेला कॉर्फू-झाकिंथोसचा आयोनियन गट, उत्तरेकडे स्पोरेडिस. बोटींचे मार्ग प्रामुख्यानं त्या त्या गटातच फिरतात. सँटोरिनी आणि कॉर्फू एकाच सहलीत बसवायचं तर बोटीचा नाद सोडावा लागतो. आयोनियन बेटांच्या बोटी अथेन्सजवळून सुटतच नाहीत, त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पात्रास, किलीनी, इगुमेनित्सा अशा बंदरांतून निघतात.

म्हणून पहिल्या खेपेला एकच गट घ्या, आणि त्यातही एकाच मार्गावरची तीन बेटं. माझी शिफारस अशी: अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नॅक्सोस, तिथून कुफोनिसिया किंवा इराक्लिया, मग अमोर्गोस, आणि नॅक्सोसमार्गे परत. नॅक्सोसला जाता-येता मिळून तीन रात्री, मधल्या छोट्या बेटावर दोन, अमोर्गोसला तीन. दहा दिवसांत पाच बेटं उरकायला गेलात तर निम्मे दिवस सामान भरण्यात आणि धक्क्यावर ताटकळण्यात जातील.

बेट ठरलं की त्याचं बंदरही नीट बघा. अमोर्गोसला दोन बंदरं आहेत, काटापोला आणि एगियाली. त्यांच्यामध्ये डोंगर आहे आणि रस्त्यानं बराच वेळ जातो. इकारियालाही दोन आहेत, आयोस किरिकोस आणि एव्दिलोस. बोट एका बंदरात आणि मुक्काम दुसऱ्या टोकाला, असं नको. शिवाय बऱ्याच बेटांवर मुख्य गावाला ‘होरा’ म्हणतात आणि ते बंदरापासून वर, डोंगरावर असतं. खोली घेताना ती बंदरात आहे की होरामध्ये हे विचारून घ्या. बोटीच्या वेळेला गावची बस धक्क्यावर येते, पण मध्यरात्रीच्या बोटीला ती असेलच असं नाही. अशा वेळी घरमालकाला आधी कळवलं तर तो बहुधा स्वतः गाडी घेऊन येतो.

मोठी बोट, वेगवान बोट आणि गावची बोट

सायक्लेडिसमध्ये साधारण तीन प्रकारच्या बोटी भेटतात.

पहिली पारंपरिक मोठी बोट. ब्लू स्टार फेरीजच्या बोटी सगळ्यांत जास्त दिसतात. कित्येक मजली, पोटात ट्रक आणि गाड्या, वर मोकळे डेक. पिरेअस ते नॅक्सोस पाच-साडेपाच तास लागतात, सँटोरिनीला साडेसात-आठ. दुसरी वेगवान बोट, बहुतेक कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली. सीजेट्ससारख्या कंपन्या त्या चालवतात. नॅक्सोसला ती साडेतीन-चार तासांत पोहोचवते, पण तिकीट दीडपट ते दुप्पट. बऱ्याच वेगवान बोटींत बाहेर मोकळ्यावर जाता येत नाही, विमानासारखं काचेआड बसून राहायचं. समुद्र खवळलेला असेल तर धक्केही जास्त बसतात. पहिल्या प्रवासाला मोठी बोटच घ्या असं मी प्रत्येकाला सांगते. वाचलेल्या दीड तासापेक्षा डेकवरचं समुद्रदर्शन कितीतरी मोलाचं आहे.

तिसरा प्रकार छोट्या बेटांना जोडणाऱ्या लहान बोटींचा. त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध एक्स्प्रेस स्कोपेलितिस. नावात एक्स्प्रेस असलं तरी ती निवांत जाते. हंगामात सहसा रविवार सोडून रोज सकाळी ती अमोर्गोसहून निघते, वाटेतली छोटी बेटं घेत नॅक्सोसला येते आणि दुपारी त्याच वाटेनं परत जाते. नॅक्सोसहून इराक्लिया सव्वा-दीड तासावर आहे, पार अमोर्गोसपर्यंत चार-पाच तास लागतात. मागचा डेक उघडा असतो. तिथे बाकांवर शाळेची पोरं, भाजीच्या पेट्या आणि गॅसची सिलिंडरं यांच्या सोबतीनं बसायचं. छोट्या बेटांचे असे मार्ग निव्वळ धंदा म्हणून परवडणारे नाहीत, म्हणून ग्रीक सरकार त्यांना अनुदान देतं. तिथल्या लोकांना दवाखाना, बँक, बाजार या सगळ्यासाठी हीच बोट लागते. तिच्यात चढताना आपण पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवून म्हाताऱ्या माणसांना आडोशाची जागा आधी द्या.

तिकीट कधी आणि कसं काढायचं

उन्हाळ्याचं वेळापत्रक एकदम जाहीर होत नाही. मोठ्या मार्गांचं हिवाळा संपता संपता कळू लागतं, छोट्या बोटींचं बरंच उशिरा. सप्टेंबरच्या सहलीसाठी जानेवारीत शोधून बोट दिसली नाही तर घाबरू नका. गेल्या वर्षीचं वेळापत्रक बघून अंदाज बांधा आणि वाट पाहा.

सगळ्या कंपन्यांच्या बोटी एकत्र बघायला फेरीहॉपर हे ग्रीक ॲप सोयीचं आहे. तिकीट तिथे काढा किंवा थेट कंपनीच्या संकेतस्थळावर. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, हा आपला नेहमीचा गोंधळ इथे नको. तिकिटावर चेक-इन केल्यावर क्यूआर कोड मिळतो, तो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण बोटीत चढायच्या रॅम्पवर उभं असताना नेट मिळेलच असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कंपन्यांत पैसे पडत नाहीत, पण शून्य किमतीचं तिकीट मात्र काढावं लागतं.

मोठ्या बोटीवर सगळ्यांत स्वस्त तिकीट डेकचं. त्यात ठरावीक खुर्ची मिळत नाही, जागा मिळेल तिथे बसायचं. दिवसाच्या प्रवासाला ते पुरतं. थोडे जास्त पैसे देऊन क्रमांकाची खुर्ची घेता येते. आई-वडील सोबत असतील किंवा शुक्रवार संध्याकाळची पिरेअसची बोट असेल तर ती घ्याच. रात्रभराच्या लांब मार्गावर केबिन घ्या.

एरवी मे, जून, सप्टेंबरमध्ये डेकचं तिकीट चार-आठ दिवस आधीही मिळून जातं. ऑगस्टची गोष्ट निराळी. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो आणि त्याच्या आगेमागे सगळं अथेन्स बेटांवर लोटतं. तिनोस बेटावरच्या चर्चला तर या दिवशी आपल्याकडच्या यात्रेसारखी गर्दी होते. नवस फेडणारे लोक बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. या आठवड्यात जायचं असेल तर काही महिने आधी तिकीट हवं. ग्रीक ईस्टरलाही तेच. ते आपल्या कॅलेंडरमधल्या ईस्टरपेक्षा बहुतेक वर्षी वेगळ्या तारखेला येतं, ती तारीख आधी बघून घ्या.

मेल्तेमी

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून जोराचा कोरडा वारा वाहतो. ग्रीक लोक त्याला मेल्तेमी म्हणतात. आपल्याला दर्या खवळण्याची सवय पावसाळ्यातली: काळे ढग, धो धो पाऊस, तीन-चार महिने बंद असलेली मांडव्याची लाँच. इथे उलट. आकाश निळंशार, ऊन लखलखीत, आणि तरी बोटी बंद. नवख्या माणसाला हे पटतच नाही. कंपनी उगाच बोट रद्द करते आहे, असं त्याला वाटतं.

या वाऱ्याचं मूळ बाल्कनकडचा जास्त दाब आणि तुर्कस्तानवरचा कमी दाब यांत आहे. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्या मोसमी पावसाला ओढणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचं पश्चिमेकडचं टोक. इकडे कोकणात पाऊस कोसळत असतो आणि त्याच काळात नॅक्सोसच्या धक्क्यावर टोप्या उडत असतात, ते एकाच मोठ्या यंत्रणेमुळे. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार नवल वाटलं होतं.

वारा तिथे बोफोर्टमध्ये मोजतात आणि धक्क्यावरचा प्रत्येक जण त्याच भाषेत बोलतो. ४-५ बोफोर्ट म्हणजे ताशी २० ते ३८ किलोमीटर, हे रोजचंच. ६ म्हणजे ३९ ते ४९, इथे लहान आणि वेगवान बोटींचं खरं नाही. ८ म्हणजे ६२ ते ७४, इथे मोठ्या बोटीही थांबू लागतात. निर्णय कप्तानाच्या मर्जीवर नसतो. तटरक्षक दलाकडून बंदी लागू होते, तिला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हा शब्द कानावर पडला की हॉटेल शोधायला लागा, वाद घालत बसू नका.

बंदी आली तर काय? तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीवर जागा मिळते, यांतला पर्याय तुम्ही निवडायचा. युरोपीय संघाचा २०१० चा नियम आहे की बोट रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर हा हक्क प्रवाशाचा. बोट उशिरा पोहोचली तर तिकिटाच्या किमान २५ टक्के भरपाईही मागता येते. चार तासांपर्यंतच्या प्रवासाला एक तासाचा उशीर आणि चार ते आठ तासांच्या प्रवासाला दोन तासांचा उशीर झाला तर. उशीर याच्या दुपटीहून जास्त असेल तर ५० टक्के. पण हवामानामुळे उशीर झाला असेल तर भरपाई नाही, आणि अडकलात तर हॉटेलचा खर्चही कंपनीवर नाही. म्हणून प्रवास विमा काढताना हवामानामुळे होणारा खोळंबा त्यात धरला आहे का, हे वाचून घ्या. व्हिसासाठी विमा लागतोच, तो नुसता वैद्यकीय असू नये.

वाऱ्याखेरीज संपानंही बोटी थांबतात. खलाशांच्या महासंघाचा संप २४ किंवा ४८ तासांचा असतो आणि सहसा आधी जाहीर होतो. निघण्याच्या आठवड्यात बातम्यांवर नजर ठेवा.

पिरेअस

अथेन्सचं हे बंदर प्रचंड मोठं आहे आणि पहिल्या वेळी माणूस गांगरतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन थेट पिरेअसला येते, साधारण तासाभरात. एक्स ९६ क्रमांकाची बस रात्रंदिवस धावते, तिला रहदारीनुसार तास-दीड तास लागतो.

बंदराला ई-१ ते ई-१२ अशी प्रवेशद्वारं आहेत. सायक्लेडिसच्या बोटी बहुधा ई-६, ई-७ किंवा ई-९ वरून सुटतात. मेट्रो स्टेशन ई-६, ई-७ च्या समोरच आहे, रस्त्यावरचा पूल ओलांडला की झालं. डोडेकानीजच्या बोटी ई-१ वरून, ते मात्र बॅगा ओढत जायचं तर अर्ध्या तासाचं अंतर. त्या बाजूला बंदराच्या आतून मोफत बस जाते. प्रवेशद्वार तिकिटावर बघा आणि आदल्या दिवशी पुन्हा खात्री करा, ते बदलतं. सगळ्याच बोटी पिरेअसहून सुटत नाहीत हेही लक्षात असू द्या. आंद्रोस, तिनोस, मिकोनॉससाठी विमानतळाला जवळचं राफिना बंदर आहे. केआ आणि किथ्नोसला जायचं तर लावरिओ.

बोटीच्या वेळेआधी तासभर तिथे असा. सकाळी सातच्या सुमाराची बोट असेल तर आदली रात्र पिरेअसमध्येच काढणं शहाणपणाचं. आणि भारतातून विमानानं उतरल्या दिवशीच पुढची बोट घेऊ नका. विमान लांबलं तर बोट तुमच्यासाठी थांबणार नाही.

चढणं आणि उतरणं

बोट मागच्या बाजूनं धक्क्याला लागते, भला मोठा लोखंडी रॅम्प खाली येतो आणि माणसं, ट्रक, मोटारसायकली सगळे तिथूनच आत-बाहेर करतात. आत शिरल्यावर गॅरेजच्या कडेला सामानाचे रॅक असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या रॅकमध्ये बॅग ठेवा. पासपोर्ट, पैसे, औषधं, स्वेटर जवळच्या पिशवीत घेऊन जिन्यानं वर जा. हमाल नसतो, म्हणून स्वतःला एका हातानं उचलता येईल एवढीच बॅग न्या. दुसरा हात कठड्यासाठी मोकळा हवा.

छोट्या बेटावर उतरण्याची तऱ्हा निराळी आहे, ती नीट सांगते. स्खिनुसाचं मेरसिनी बंदर म्हणजे डोंगरांच्या कुशीतली चिमुकली खाडी. बोट आत शिरते, नांगराची साखळी खडखडत खाली सुटते आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी वळून पाठीमागे सरकू लागतं. तोवर तुम्ही खाली गॅरेजमध्ये उभे असायला हवं. तिथे अंधार, डिझेलचा वास, पायाखाली थरथर. शेजारी पाववाल्याचा टेम्पो इंजिन सुरू करून तयार. मग समोर उजेडाची एक फट दिसते, रॅम्प खाली येत जातो, फट मोठी होते, आणि काँक्रीटवर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज होतो. खलाशी हात हलवून ‘चला चला’ करतात. माणसं उतरतात, कुणी औषधांचं खोकं कुणाच्या हाती देतं, टेम्पो निघतो, नवी माणसं चढतात. पाच-दहा मिनिटांत रॅम्प पुन्हा वर.

म्हणून ग्रीक आणि इंग्रजीत घोषणा झाली की लगेच खाली जा. खोळंबून राहिलात तर पुढच्या बेटावर पोहोचाल. आणि कोणतं बेट आलं हे फलक बघून किंवा मोबाइलच्या नकाशावर खात्री करूनच उतरा, कारण बोट उशिरानं चालत असेल तर तुमच्या बेटाच्या ठरलेल्या वेळेला ती आधीच्याच बेटावर असू शकते. धक्क्यावर बोटीची वाट पाहायची असेल तर मरीनट्रॅफिक या संकेतस्थळावर बोट नेमकी कुठे आहे ते दिसतं. सीरोस बेटावरच्या एजियन विद्यापीठाच्या एका प्रकल्पातून ते उभं राहिलं. रॅम्प उचलायला लागल्यावर धावत जाऊन उडी मारायचा विचारही मनात आणू नका.

भाड्याची गाडी बोटीवर न्यायची असेल तर गाडीवाल्या कंपनीची लेखी परवानगी लागते. त्यापेक्षा प्रत्येक बेटावर नवी गाडी घेणं सोपं.

बोट लागत असेल तर

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी इथे तयारीनं यावं. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि बोट सुटण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मोठ्या बोटीच्या मधल्या भागात, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर बसा, तिथे हेलकावा कमी. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नाही. रिकाम्या पोटी बसू नका आणि तेलकटही खाऊ नका. आलेपाकाच्या वड्या घरून न्याव्यात, मी नेहमी नेते.

खाणं आणि पैसे

मोठ्या बोटीवर कॉफी, पालकाची स्पानाकोपिता, चीजची तिरोपिता हमखास मिळते, त्यामुळे शाकाहाऱ्यांची सोय होते. छोट्या बोटीवर चहा-बिस्किटापलीकडे फारसं धरून चालू नका. बेटांवरच्या खानावळीत ‘निस्तीसिमो’ हा शब्द उपयोगी पडतो. त्यांच्या उपवासाच्या पदार्थांत मांस, दूध, अंडी नसतात. पण त्यात कालवं, कोळंबी चालतात, तेवढं विचारून घ्या. पिवळ्या डाळीची फावा मागवा, वरणाची आठवण येईल.

छोट्या बेटांवर एटीएम एखाद-दुसरं असतं, म्हणून नॅक्सोसहूनच रोख युरो घेऊन निघा. नळाचं पाणी पिण्याचं नसतं.

तिकिटाच्या दुकानांना तिथे ‘प्राक्तोरियो’ म्हणतात. बोट रद्द झाली, वेळ बदलली, काहीही झालं तरी आधी तिथे जा. ॲपवर दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांना कळलेलं असतं.

परतताना

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्ये असायलाच हवं. जुलै-ऑगस्टमध्ये तर दोन रात्री आधी. छोटं बेट सहलीच्या मध्यावर ठेवा आणि शेवटचा मुक्काम नॅक्सोस किंवा पारोससारख्या मोठ्या बेटावर. तिथून पिरेअसला दिवसात अनेक बोटी असतात, एक चुकली तर दुसरी मिळते.

कोस, रोड्स, सामोस या बाजूला गेलात तर समोर तुर्कस्तान दिसतं आणि तासाभराची बोट मोह घालते. भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर ती बोट घेऊ नका. एकदा पलीकडे उतरलात की ग्रीसमध्ये परत येता येणार नाही. तिकडे जायचंच असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा, आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढा.

पिरेअसला परतणारी बोट बऱ्याचदा रात्री अकरा-बाराला पोहोचते आणि वाटेत उशीर झाला तर त्याच्याही नंतर. तोवर मेट्रो बंद झालेली असू शकते. अशा वेळी एक्स ९६ बस किंवा बंदराबाहेरची टॅक्सी. सकाळचं विमान असेल तर सरळ विमानतळाकडे निघा, नाहीतर पिरेअसमधलीच एखादी खोली आधीपासून धरून ठेवा आणि उशिरा येणार आहोत हे त्यांना बोटीच्या नावासकट कळवा.